लाइटरूममधली प्रश्नचिन्हं आणि बाहेरची हार्ड डिस्क

साताऱ्याच्या एका लग्न-फोटोग्राफरचा प्रश्न थोडक्यात असा. लॅपटॉप विंडोजचा, आतली एसएसडी (वेगवान डिस्क) ५१२ जीबीची, आणि ती काठोकाठ भरली. म्हणून त्यांनी आधीच्या सीझनचे फोल्डर एक्सप्लोररमधून कट करून बाहेरच्या २ टीबीच्या हार्ड डिस्कवर पेस्ट केले. आता लाइटरूम क्लासिक, म्हणजे फोटो लावून ठेवायचं आणि एडिट करायचं अ‍ॅडोबीचं सॉफ्टवेअर, उघडलं की त्या सगळ्या फोल्डरांवर प्रश्नचिन्ह दिसतं. डेव्हलपमध्ये, म्हणजे एडिटिंगच्या विभागात, गेलं तर फाइल सापडत नाही म्हणतं. हार्ड डिस्कवरून पुन्हा इम्पोर्ट करायला गेले तर फोटो फिके दिसतात, टिकच होत नाहीत. डुप्लिकेटचा पर्याय बंद करून एक लग्न इम्पोर्ट केलं, तर फोटो आले पण कोरे, केलेलं एडिटिंग कुठंच नाही. अल्बम अर्धवट आहे आणि पार्टी, म्हणजे लग्नघर, रोज फोन करतेय. त्यांना दोन गोष्टी हव्यात: एडिटिंग परत मिळेल का, आणि यापुढं फोटो आत ठेवायचे की बाहेर.

एडिटिंग गेलेलं नाही. फक्त पुढचं वाचून होईपर्यंत लाइटरूममधून काहीही डिलीट करू नका आणि हार्ड डिस्कवरचे फोल्डर इकडंतिकडं हलवू नका.

तुम्हाला हा जागेचा प्रश्न वाटतोय, पण जागा तर तुम्ही केलीत. अडलंय ते लाइटरूम फोटो कसे सांभाळतं, तिथं. लाइटरूम क्लासिकच्या पोटात फोटो नसतात. त्याच्याकडं असतो कॅटलॉग, म्हणजे एलआरकॅट अशा शेवटाची एक फाइल. सातबाऱ्यावर गट नंबर, क्षेत्र, पीकपाणी, बोजा सगळं लिहिलेलं असतं. जमीन मात्र शिवारात असते. कॅटलॉगचं तसंच आहे. कुठला फोटो कुठल्या ड्राइव्हच्या कुठल्या फोल्डरात आहे, तुम्ही एक्स्पोजर किती उचललं, क्रॉप कुठं केलं, किती स्टार दिले, हे सगळं तिथं नोंदलेलं असतं. फरक एवढाच की जमीन जागची हलत नाही, फोटो हलतात. तुम्ही फोटो हलवले आणि नोंद जुन्या पत्त्यावर राहिली. प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच.

फिके दिसणारे फोटोही त्यामुळंच. इम्पोर्टच्या खिडकीत संशयित डुप्लिकेट टाळायचा पर्याय चालू असतो. फाइलचं मूळ नाव, फोटो काढल्याची तारीख-वेळ आणि फाइलचा आकार जुळला की लाइटरूम म्हणतं, हा माझ्याकडं आहे. ते खरंच म्हणत होतं. तुम्ही तो पर्याय बंद केलात तेव्हा त्यानं निमूटपणे त्याच फोटोंची दुसरी, कोरी नोंद करून घेतली.

आता दुरुस्ती. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

आधी लाइटरूम बंद करा आणि कॅटलॉगचा अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा कुठंही दुसरीकडं कॉपी करून ठेवा. पुढं काही चुकलं तर परत इथं येता येईल.

मग हार्ड डिस्क जोडून लाइटरूम उघडा. ज्या लग्नाचं दोनदा इम्पोर्ट झालंय ते आधी हातात घ्या. डावीकडं फोल्डर्स पॅनेलमध्ये ते दोन ठिकाणी दिसेल: एकदा सी ड्राइव्हखाली प्रश्नचिन्हासह, आणि एकदा हार्ड डिस्कच्या नावाखाली, साधं. एडिटिंग आहे ते प्रश्नचिन्हवाल्यात. साध्या फोल्डरमध्ये तुम्ही नंतर काही नवीन काम केलेलं नाही ना, एवढं बघा आणि त्यावर राइट क्लिक करून रिमूव्ह करा. फोल्डरवरचं रिमूव्ह फक्त कॅटलॉगमधली नोंद काढतं, डिस्कवरच्या फाइल्स तशाच राहतात. हे फोटो निवडून डिलीटचं बटण दाबून करू नका. तिथं लाइटरूम दोन पर्याय विचारतं आणि त्यातला एक डिस्कवरूनच पुसणारा असतो. घाईत, पार्टीचा फोन कानाला असताना, नेमका तोच दाबला जातो.

ती कोरी नोंद गेली की प्रश्नचिन्हवाल्या फोल्डरवर राइट क्लिक, फाइंड मिसिंग फोल्डर, आणि हार्ड डिस्कवरचा तोच फोल्डर दाखवा. प्रश्नचिन्ह जाईल, एडिटिंगसकट फोटो उभे राहतील. बाकीची लग्नं एकेक करत बसू नका. सगळ्यांच्या वर एखादा मोठा फोल्डर असेल, समजा वर्षाचा, आणि तो तुम्ही अख्खा हलवला असेल, तर त्यालाच नवा पत्ता दाखवा. पोटातले सगळे आपोआप जुळतात. पॅनेलमध्ये वरचा फोल्डर दिसत नसेल तर आतल्या एकावर राइट क्लिक करून शो पॅरेंट फोल्डर करा. पण हलवताना तुम्ही रचनाच बदलली असेल, म्हणजे आधी महिन्याप्रमाणे होतं आणि आता गावाप्रमाणे केलं, तर मात्र एकेक जुळवावं लागेल. किती वेळ लागेल हे तुम्ही किती उचकापाचक केलीत त्यावर आहे.

एखाददुसऱ्या फोटोवरच उद्गारचिन्ह राहिलं तर त्यावर क्लिक करून लोकेट करा आणि जवळपासचे हरवलेले फोटोही शोधायचा पर्याय टिक ठेवा.

जाता जाता एक निदान. पुन्हा इम्पोर्ट केलेलं लग्न कोरं आलं, याचा अर्थ तुमच्याकडं एक्सएमपी लिहायचा पर्याय बंद आहे. कॅटलॉग सेटिंग्जमध्ये तो चालू केला की प्रत्येक रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता दिलेल्या मूळ फाइलशेजारी एक छोटी फाइल तयार होते आणि एडिटिंग, स्टार, कीवर्ड तिच्यातही उतरतात. मी तो चालू ठेवतो. कॅटलॉग कोलमडला तरी हाती काहीतरी राहतं. कलेक्शन (निवडक फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (त्याच फोटोची दुसरी एडिटिंगची नोंद) मात्र त्यात येत नाहीत, ते फक्त कॅटलॉगमध्येच. पिक-रिजेक्टचे (निवडल्या-नाकारल्याचे) झेंडेही लाइटरूमच्या सगळ्या आवृत्त्यांत त्यात उतरतातच असं नाही. म्हणून अल्बमसाठी निवडलेल्या फोटोंना झेंड्याबरोबर एक स्टारही देऊन ठेवा.

यापुढं फोल्डर हलवायचे कसे? पुस्तकी उत्तर आहे की लाइटरूमच्या आतून, फोल्डर्स पॅनेलमध्ये ओढून हलवा. चार-पाच जीबी असेल तर जरूर करा. पण लग्नाचा हिशेब बघा: २४ मेगापिक्सेलची रॉ साधारण २५ ते ३० एमबी, दोन कॅमेऱ्यांचे मिळून ४,००० फ्रेम धरले तर १०० जीबी सहज. एवढं ओढत असताना केबल हलली किंवा लाइट गेली तर काही फोटो इथं, काही तिथं, आणि कुठले कुठं हे शोधण्यात रात्र जाते. मी वेगळं करतो. एक्सप्लोररमधून कॉपी करतो, कट कधीच नाही. दोन्हीकडं प्रॉपर्टीज उघडून फाइल्सची संख्या आणि एकूण बाइट्स ताडून बघतो. मग लाइटरूममध्ये जुन्या फोल्डरवर राइट क्लिक करून अपडेट फोल्डर लोकेशननं नवी जागा दाखवतो. चार फोटो पूर्ण झूम करून पाहतो, एक एक्स्पोर्ट करून बघतो. जुना फोल्डर आणखी काही दिवस तसाच राहू देतो आणि मग पुसतो. वेळ जास्त जातो, पण मधल्या कुठल्याही क्षणी सगळे फोटो निदान एका जागी पूर्ण असतात.

आता दुसरा प्रश्न, आत की बाहेर. कॅटलॉग आणि त्याच्या शेजारचे प्रिव्ह्यू (फोटो पटकन दाखवायच्या छोट्या प्रती) लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर, मूळ फोटो बाहेर. ग्रिडमध्ये सरसर फोटो फिरवताना वेग लागतो तो कॅटलॉगला आणि प्रिव्ह्यूंना. मूळ रॉ साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर असली तरी डेव्हलपमध्ये प्रत्येक फोटोला क्षणभर थांबावं लागतं, एवढंच. प्रेफरन्सेसमध्ये कॅमेरा रॉ कॅश (उघडलेल्या फोटोंचा तात्पुरता साठा) २०-३० जीबी करून ठेवलात तर तेही कमी जाणवतं. दोन संगणकांवर काम करायचं असेल, म्हणजे दुकानात डेस्कटॉप आणि घरी लॅपटॉप, तरच कॅटलॉग बाहेर ठेवायला अर्थ आहे, आणि मग तो बाहेरच्या एसएसडीवर हवा. दुकानातल्या नेटवर्क ड्राइव्हवर ठेवलेला कॅटलॉग लाइटरूम क्लासिक उघडतच नाही. मूळ फोटो मात्र तिथं ठेवता येतात.

विंडोज ११ वाल्यांनी एक गोष्ट आजच तपासा. कॅटलॉग ठरलेल्या जागी म्हणजे पिक्चर्स फोल्डरमध्ये तयार होतो, आणि अनेक नव्या लॅपटॉपवर पिक्चर्स फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेला असतो. लाइटरूम चालू असताना वनड्राइव्ह तीच फाइल वर चढवायला बघतं. यातून कॅटलॉग बिघडतो किंवा त्याच्या दोन आवृत्त्या होतात. कॅटलॉगला वनड्राइव्हच्या बाहेर स्वतंत्र फोल्डर द्या.

बाहेरच्या ड्राइव्हचं सांगतो. विंडोज ड्राइव्हला जे अक्षर देतं ते दर वेळी तेच असेल असं नाही. आज ई, उद्या कार्ड रीडर आधी लावला तर एफ. लाइटरूमनं पत्ता ई म्हणून लिहिलेला असतो, त्यामुळं फोटो जागेवर असूनही पुन्हा प्रश्नचिन्हं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या ड्राइव्हला वर्णमालेतलं लांबचं, कुणी न वापरणारं अक्षर द्या. मी फोटोंचा पी ठेवलाय. ड्राइव्हवर स्केचपेननंही तेच अक्षर लिहा, कारण दुकानात तीन काळ्या डिस्क एकसारख्या दिसतात आणि सहायक नेहमी चुकीची उचलतो.

फॉरमॅट कुठला? फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस. अल्बम डिझायनरकडं मॅक असेल आणि ड्राइव्ह त्याच्याकडं जाणार असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएसवरचं वाचतो पण त्यावर लिहीत नाही. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं, म्हणून सेफली रिमूव्ह न करता ओढून काढण्याची सवय तिथं जास्त महागात पडते. फॅट३२ असेल तर आजच बदला, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि व्हिडिओवाल्याचं फुटेज तिथंच अडकतं. बदलताना ड्राइव्ह पुसला जातो, तेव्हा आतलं आधी दुसरीकडं काढून घ्या.

केबल आणि पोर्टकडं कुणी बघत नाही. तीच १०० जीबी यूएसबी २ च्या पोर्टवरून कॉपी करायला पाऊण तास किंवा जास्त जातो, यूएसबी ३ वर साधी हार्ड डिस्कसुद्धा पंधरा-वीस मिनिटांत उरकते. एसएसडी त्याहून पुष्कळ वेगवान. पण कार्डावरून इम्पोर्ट करताना वेग कार्ड आणि कार्ड रीडर ठरवतात, डिस्क नाही. जुना यूएसबी २ चा रीडर ठेवून महागडी एसएसडी घेतलीत तर इम्पोर्ट तेवढंच रेंगाळेल. आधी रीडर बदला.

इम्पोर्टच्या खिडकीत वर चार पर्याय असतात. कार्ड लावलं असेल तेव्हा कॉपी. फोटो आधीच हार्ड डिस्कवर योग्य जागी असतील तेव्हा अ‍ॅड, म्हणजे फाइल हलणार नाही, फक्त नोंद होईल. मूव्ह मी वापरत नाही. डीएनजी (अ‍ॅडोबीचा रॉ फॉरमॅट) करून कॉपी हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. लग्नाच्या घाईत तो वेळ मला परवडत नाही.

उजवीकडं डेस्टिनेशनकडं मात्र प्रत्येक वेळी डोळे जाऊ द्या. बाहेरचा ड्राइव्ह जोडायचा राहिला की लाइटरूम आतली जागा सुचवतं, आपण इम्पोर्ट दाबतो, आणि एसएसडी पुन्हा भरते. तुमची भरली त्यातलं बरंचसं असंच साचलं असणार. डेस्टिनेशनमध्ये मी तारखेप्रमाणे फोल्डर लाइटरूमला करू देत नाही. हळद आदल्या दिवशी, लग्न दुसऱ्या दिवशी, पूजा तिसऱ्या दिवशी. एका लग्नाचे तीन तुकडे होतात. वर्षाचा फोल्डर, त्यात प्रत्येक कामाचा एक: वर्ष-महिना-दिवस, गाव, आडनाव. आकड्यांनी सुरुवात केली की यादी आपोआप क्रमानं लागते. फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा. लॅबच्या जुन्या संगणकावर देवनागरीचे चौकोन झालेले मी पाहिलेत.

दोन कॅमेरे असतील तर नावांची टक्कर होते. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर परत १ वर येतो, आणि कँडिडवाल्याच्या कॅमेऱ्यातही तेच आकडे असतात. इम्पोर्ट करतानाच नावात तारीख आणि कॅमेऱ्याचं अक्षर जोडा. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं हळदीच्या आधीच जुळवून घ्या, नाहीतर अक्षता पडायच्या आधी हार घातलेला दिसतो. तरीही चुकलं तर एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडून एडिट कॅप्चर टाइमनं वेळ सरकवता येते.

बाहेरचा ड्राइव्ह सोबत नसताना काम करायचं असेल तर इम्पोर्टवेळी स्मार्ट प्रिव्ह्यू बनवून ठेवा. लांब बाजू २५६० पिक्सेल असलेली ही हलकी प्रत असते आणि मूळ फोटो जोडलेला नसला तरी तिच्यावर रंग, क्रॉप सगळं करता येतं. ड्राइव्ह जोडला की ते मूळ फोटोला लागू होतं. काससाठी पहाटे निघून दुपारी गाडीतच फोटो बघणाऱ्यांना हे फार सोयीचं. तिच्यावरून एक्स्पोर्टही होतं, आणि तिथं फसायला होतं. २५६० पिक्सेल व्हॉट्सअ‍ॅपला भरपूर झाले. पण १२ बाय ३६ इंचांच्या करिझ्मा अल्बमच्या शीटवर अर्ध्या भागात एक फोटो पूर्ण भरायचा तर ३०० डीपीआयला लांब बाजू ५४०० पिक्सेल लागते. अल्बमला पाठवण्याआधी ड्राइव्ह जोडलेला आहे याची खात्री करूनच एक्स्पोर्ट करा.

आता बॅकअप, आणि इथं मी सांगलीकर म्हणून जरा जास्त बोलणार. लाइटरूम बंद होताना जो बॅकअप विचारतं तो फक्त कॅटलॉगचा असतो, त्यात एकही फोटो नसतो. वर तो ठरलेल्या सेटिंगनुसार कॅटलॉगच्याच शेजारी, त्याच डिस्कवर पडतो. लॅपटॉप गेला की दोन्ही गेलं. त्या खिडकीत जागा बदलून बाहेरच्या ड्राइव्हवर करा आणि निदान आठवड्याला एकदा होऊ द्या. इम्पोर्टमध्ये मेक अ सेकंड कॉपी टू हा पर्याय आहे, तो कार्डावरच्या मूळ फोटोंची दुसऱ्या ड्राइव्हवर लगेच एक प्रत टाकतो. लग्नाच्या रात्री एवढं झालं तरी पुष्कळ. नंतर केलेलं काम किंवा फोटोशॉपच्या फाइल्स त्यात येत नाहीत, त्यासाठी ड्राइव्हची ड्राइव्हला नियमित प्रत हवी. फ्रीफाइलसिंकसारखं साधन त्याला पुरतं. पण मिरर पद्धत वापरताना पहिल्या ड्राइव्हवर चुकून पुसलेलं दुसऱ्यावरूनही पुसलं जातं, हे ध्यानात ठेवून आधी यादी वाचा आणि मगच चालवा.

पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरनं रूढ केलेला ३-२-१ चा नियम जगभर सांगतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. आमच्याकडं यातला शेवटचा भाग कृष्णेनं शिकवला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. बाजारपेठेतल्या दुकानांत पाणी शिरलं तेव्हा कपाटातल्या मूळ डिस्क आणि तिच्या खालच्या कप्प्यातला बॅकअप, दोन्ही एकाच पाण्यात गेले. जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला. माझी तिसरी डिस्क तेव्हापासून विट्याला नातेवाइकांकडं असते. तिथं पाण्याची तक्रार असते ती नसल्याची. दर सणाला जाणं होतं, तेव्हा जुनी आणतो, ताजी ठेवून येतो. साताऱ्यात असा पूर दुकानात येणार नाही, पण चोरी, शॉर्टसर्किट आणि टेबलावरून पडणं सगळीकडं सारखं. कोरेगाव, वाई, कुठंही घरचं माणूस असेल तिथं एक डिस्क ठेवा.

क्लाउडवर सगळं ठेवावं का, तर तुमच्या घरच्या नेटवर अवलंबून. १०० जीबीचं एक लग्न २० एमबीपीएस अपलोडनं, वेग एकदाही न पडता, चढवायला ११ तासांहून जास्त लागतात. निवडलेले, एडिट केलेले जेपेग क्लाउडवर आणि रॉ डिस्कवर, ही वाटणी बहुतेकांना जमते.

कार्ड कधी पुसायचं? फोटो दोन वेगळ्या ड्राइव्हवर पोचल्यावर आणि लाइटरूममधली संख्या कार्डावरच्या संख्येशी जुळल्यावर. पुसायचं ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून.

राहिला २ टीबी भरल्यावर काय हा प्रश्न, कारण तीही भरणार आहे. अल्बम पोचून काही महिने झाले की त्या लग्नातले रिजेक्टचा झेंडा लावलेले फोटो मी डिस्कवरून पुसतो. इथं मात्र डिलीट फ्रॉम डिस्कच हवं, नुसतं रिमूव्ह केलं तर जागा मोकळी होत नाही. डोळे मिटलेले, फ्लॅश न पडलेले, एकाच पोझचे दहा. बाकी सगळं ठेवतो. कोटेशनवर रॉ किती महिने सांभाळणार हे छापलेलंच बरं, म्हणजे नंतर वाद नको. तेवढी मुदत झाली तरी म्हातारी माणसं असलेले फ्रेम पुसू नका. चार-पाच वर्षांनी येणारा फोन स्टेजवरच्या फोटोसाठी नसतो, घरातलं कुणीतरी गेलेलं असतं आणि त्यांचा एखादा बरा फोटो हवा असतो. ही साफसफाई गणपतीनंतर, तुळशीच्या लग्नाआधी काढा. सीझन सुरू झाला की ती होत नाही, आणि मग घाईत पुन्हा कट-पेस्ट होतं.